कूलंट बदलल्यावर गाडी गरम होतेय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरी किंवा गॅरेजमध्ये कूलंट बदललं आणि पहिल्या-दुसऱ्या फेरीतच गाडी तापायला लागली, असे निरोप मला सतत येतात. त्यांतले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत, शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत. गाडी आत्ता तापलेली असेल तर बाकी सगळं सोडून आधी प्रश्न 2 वाचा.

1. कालपर्यंत गाडी एकदम ठीक होती. कूलंट बदललं आणि आज काटा लाल पट्ट्याकडे गेला. इंजिन गेलं का?

बहुधा नाही. काल न तापणारी गाडी कूलंट बदलल्यावर तापली, तर पहिला संशय त्या कामावरच घ्यायचा. त्या कामात सगळ्यात जास्त वेळा राहून जाणारी गोष्ट म्हणजे आत अडकलेली हवा. त्याखालोखाल कूलंट कमी भरलेलं असणं, झाकण नीट न बसणं, होजची (जाड रबरी नळीची) क्लिप ढिली राहणं आणि फॅनचा कनेक्टर काढून परत न लावणं. हे सगळं फुकटात किंवा किरकोळ खर्चात सुटतं. पहिल्याच दिवशी कोणी वॉटर पंप, रेडिएटर, हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग म्हणजे हेड आणि खालचा म्हणजे ब्लॉक, या दोघांमधलं सील) अशी नावं घ्यायला लागलं तर त्यांना थांबवा. आधी पातळी बघा, हवा काढा, मग पुढचं बोलू.

पण म्हणून गाडी तशीच चालवू नका. ॲल्युमिनियमचं हेड एकदा सडकून तापलं की वाकतं, आणि चार-पाच लिटर कूलंटचं साधं काम इंजिन उघडण्यापर्यंत जातं.

2. मी रस्त्यात आहे आणि काटा वर गेलाय. काय करू?

एसी बंद करा. हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर पूर्ण वेगावर ठेवा. हीटर म्हणजे डॅशबोर्डमागचा छोटा रेडिएटरच असतो, तो थोडी उष्णता ओढून घेतो. सुरक्षित जागा दिसली की गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करा. बोनेटमधून वाफ येत असेल तर ती ओसरेपर्यंत बोनेट उघडू नका.

आणि झाकण उघडू नका. आतलं कूलंट 100 अंशांच्या वर असून केवळ दाबामुळे उकळायचं थांबलेलं असतं. झाकण सैल केलं की दाब जातो आणि तेच कूलंट क्षणात वाफ होऊन तोंडावर, हातांवर येतं. ओलं फडकं टाकून, अर्धाच आटा फिरवून, लांबून हात घालून, यातली एकही युक्ती सुरक्षित नाही. वरचा जाड होज हाताने सहज दाबला जाईपर्यंत थांबा. त्याला अर्धा-पाऊण तास तरी लागतो, कधी जास्तही. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतलं तर धातूला तडा जाऊ शकतो, म्हणून पाणीसुद्धा इंजिन निवल्यावरच घालायचं. इंजिन बंद असतानाही फॅन आपोआप सुरू होऊ शकतो, बोटं त्याच्यापासून लांब ठेवा.

3. हवा अडकली म्हणून इंजिन तापतं कसं? हवा तर वर येऊन निघून जायला हवी.

वर येते, पण बाहेर जायला वाट नसेल तर वरच बसून राहते. कूलंटची वाट सरळ नसते. ते ब्लॉकमधून हेडमध्ये जातं, तिथून थर्मोस्टॅट (कूलंट ठरावीक तापमानाला पोहोचलं की रेडिएटरची वाट उघडणारी झडप), रेडिएटर, हीटर, असे चढउतार करत फिरतं. जिथे पाइप उंचवटा घेऊन खाली वळतो तिथे हवेचा फुगा धरून बसतो. बहुतेक गाड्यांत हेड आणि हीटरचे पाइप ही ती ठिकाणं.

पुढे जे होतं ते फार भराभर होतं. पंपाचा पंखा कूलंट ढकलण्यासाठी बनवलेला आहे. त्याच्या पात्यांना हवा लागली की तो नुसता फिरतो, ढकलत काहीच नाही. तिकडे हेडमध्ये ज्वलनकक्षाच्या लगतच्या धातूला कूलंट लागत नाही. तो भाग तापतो, आजूबाजूचं कूलंट उकळतं, त्याची वाफ होते. वाफेला कूलंटपेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, म्हणून ती उरलेलं कूलंट झाकणातून बाहेर ढकलते. आता आत कूलंट आणखी कमी आणि फुगा आणखी मोठा. लहानशा फुग्याने सुरुवात होऊन काही किलोमीटरांत गाडी उकळते ती अशी.

4. हवाच अडकली आहे हे ओळखायचं कसं?

हीटरवरून. इंजिन तापलेलं आणि हीटर पूर्ण गरमवर असताना तळहात जाळीसमोर धरा. हवा थंड किंवा कोमट लागली तर हीटरमध्ये कूलंट पोहोचत नाही, म्हणजे एक तर हवा आहे किंवा कूलंट कमी आहे. ॲक्सिलरेटर दाबला की हवा गरम आणि सोडला की थंड होत असेल तर संशय जवळपास पक्का. दुसरी खूण कानाची. गाडी सुरू केल्यावर डॅशबोर्डमागे घागर रिकामी होत असल्यासारखा गुळगुळ आवाज येतो. तिसरी काट्याची. तो हळूहळू न चढता एकदम उसळतो आणि एकदम खाली येतो, कारण तापमानाच्या सेन्सरला कधी कूलंट लागतं, कधी वाफ.

काट्यावर मात्र पूर्ण विसंबू नका. ही चूक माझ्या हातून झालेली आहे. कूलंट बदलून निघालो, काटा मध्याच्याही खाली होता, म्हणून निर्धास्त होतो. पायाशी हीटरची हवा गार लागत होती, ते जाणवूनही मी मनावर घेतलं नाही. थोड्याच वेळात बोनेटच्या फटीतून वाफ आली. काटा तेव्हाही खालीच. सेन्सर हवेच्या फुग्यात लटकत होता, त्याला उकळणारं कूलंट लागतच नव्हतं. फॅनलाही त्याच सेन्सरकडून खबर मिळते, म्हणून फॅनही सुरू झाला नाही. तेव्हापासून कूलंटचं काम झालं की मी काट्याआधी हीटरसमोर हात धरतो.

5. हवा काढायची नीट पद्धत सांगा, पहिल्यापासून.

इंजिन पूर्ण थंड असताना सुरू करा, शक्यतो रात्रभर उभी राहिलेली गाडी घ्या. गाडीचं नाक थोडं वर राहील अशी ती उभी करा, म्हणजे कूलंट भरायचं तोंड सगळ्यात उंच राहील. हँडब्रेक लावा आणि मागच्या चाकांना अडण द्या. हीटर पूर्ण गरमवर, ब्लोअर कमी वेगावर, एसी बंद. एसी चालू असेल तर फॅन आधीच फिरायला लागतो आणि इंजिन तापायला उगाच वेळ जातो.

तुमच्या गाडीला ब्लीड स्क्रू, म्हणजे अडकलेली हवा सोडायचा स्क्रू, आहे का बघा. असला तर तो थर्मोस्टॅटच्या घरावर, वरच्या होजवर किंवा हीटरच्या पाइपवर असतो. तो सैल करा आणि कूलंट बारीक धारेने ओता. घाईने ओतलं की वरून कूलंट आणि खालून हवा एकाच तोंडाशी भांडतात. स्क्रूतून आधी फुसफुस, मग बुडबुड्यांसकट आणि मग सलग धार येते. सलग धार आली की स्क्रू बंद करा. बरेच स्क्रू प्लास्टिकचे असतात, जोर लावला की डोकं तुटून हातात येतं. आता वरचा होज हाताने दहा-पंधरा वेळा दाबा. प्रत्येक दाबाला तोंडाशी बुडबुडे येतील आणि पातळी उतरेल. भरत राहा.

मग इंजिन सुरू करून तसंच चालू द्या. मान कूलंट भरायच्या तोंडापासून बाजूला ठेवा. पातळी उतरेल तसं भरत जा. काही मिनिटांनी थर्मोस्टॅट उघडतो, साधारण 82 ते 95 अंशांच्या दरम्यान, गाडीप्रमाणे. तो उघडला की पातळी एकदम घोट घेतल्यासारखी खाली जाते, वरचा होज झपकन गरम होतो आणि थोड्या वेळाने खालचाही. पुष्कळ जण या घोटाच्या आधीच झाकण लावून मोकळे होतात आणि नेमकं तिथेच चुकतं. त्यानंतर इंजिन मिनिटाला 1500 ते 2000 फेऱ्यांवर अर्धा मिनिट धरा, सोडा, पुन्हा धरा. तोंडातून कूलंट उसळायला लागलं तर इंजिन बंद करून निवू द्या. फॅन दोनदा सुरू होऊन दोनदा बंद झाला, हीटर सलग गरम हवा देतोय आणि बुडबुडे थांबलेत, एवढं झालं की इंजिन बंद करा. झाकण लावण्याची घाई न करता पातळी बघा, मग लावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनावर पातळी पुन्हा पाहा. थोडी उतरलेली असणारच. भरा. पुढचे तीन-चार दिवस हेच करा. ती उतरायची थांबली की काम झालं.

काही गाड्यांत, विशेषतः जिथे टाकीवरच दाबाचं झाकण असतं तिथे, उत्पादकाने झाकण लावूनच इंजिन चालवायला सांगितलेलं असतं. माझी पद्धत आणि तुमच्या गाडीचं पुस्तक यांत फरक दिसला तर पुस्तकाचं ऐका.

6. पुस्तकात क्षमता 5.5 लिटर लिहिली आहे, पण माझ्या गाडीत 3.5 लिटरच गेलं. बाकीचं कुठे गेलं?

याची दोन उत्तरं आहेत आणि कुठलं लागू हे तुम्ही किती काढलं त्यावर ठरतं. फक्त रेडिएटरचा खालचा बूच उघडला असेल तर ब्लॉक आणि हीटरमधलं जुनं कूलंट आतच राहतं. 3.5 लिटर बाहेर आलं आणि 3.5 लिटर आत गेलं, तर गणित बरोबर आहे. पण 5 लिटर बाहेर येऊन 3.5 लिटरच आत गेलं असेल, तर उरलेली दीड लिटर म्हणजे हवा.

म्हणून जुनं कूलंट मापाच्या भांड्यात काढा आणि आकडा कागदावर लिहून ठेवा. हवा राहिली का याचं याहून साधं आणि खात्रीचं माप माझ्या माहितीत नाही. गॅरेजमध्ये काम करून घेत असाल तर तिथेही विचारा: किती निघालं, किती घातलं?

7. जुनं कूलंट गटारात ओतलं तर चालेल का?

नको. बहुतेक कूलंटमध्ये एथिलीन ग्लायकॉल असतं. ते विषारी आहे आणि चवीला गोड, म्हणून कुत्री-मांजरं ते चाटतात आणि मरतात. लहान मुलांनाही तोच धोका. घट्ट झाकणाच्या डब्यात भरा, डब्यावर ‘जुनं कूलंट’ असं लिहा आणि जुनं ऑइल-कूलंट घेणाऱ्या गॅरेजमध्ये द्या. सांडलेलं लगेच पाण्याने धुवा. डबा पाण्याच्या बाटलीसारखा दिसणारा नसावा.

8. टाकी कमाल खुणेपर्यंत भरलेली आहे, तरी गाडी तापते. मग कूलंट कमी कसं?

काही गाड्यांत बाजूची टाकी नुसती साठ्याची असते, तिच्यात दाब नसतो. रेडिएटरचं झाकण गरम झालेलं जास्तीचं कूलंट तिच्यात सोडतं आणि निवताना परत ओढून घेतं. परत ओढणारी झाकणातली छोटी झडप अडकली, किंवा मधली नळी चिरली, की टाकी भरलेली राहते आणि रेडिएटर रिकामा. थंड इंजिनावर रेडिएटरचंच झाकण उघडून आत बघा. गाडी निवल्यावर होज चपटा पडलेला दिसला तर झाकणाची ती झडप गेली असं समजा.

9. मेकॅनिक म्हणाले झाकण बदला. एवढ्याशा झाकणाने काय होणार?

खूप काही. निम्मं पाणी आणि निम्मं एथिलीन ग्लायकॉल हे मिश्रण उघड्या भांड्यात साधारण 107 अंशांना उकळतं. झाकणाने 1 बार जादा दाब धरला की तेच 129 अंशांच्या आसपास. झाकणाचं रबर चिरलं किंवा ते एक खाच कमी फिरलं, तर हा वीसेक अंशांचा आधार नाहीसा होतो आणि गाडी चढावर उकळते. दाबाचा आकडा झाकणावर कोरलेला असतो. नवं झाकण त्याच आकड्याचं घ्या. जास्त दाबाचं घेतलं तर जुने होज आणि रेडिएटरचे प्लास्टिकचे कडे यांच्यावर ताण येतो.

10. चांगलं म्हणून पाणी न मिसळता निव्वळ कूलंट भरलं. त्यामुळे तापते का?

हो, तापू शकते. उष्णता वाहून नेण्याचं खरं काम पाणी करतं. एक किलो पाणी एका अंशाने तापायला सुमारे 4.2 किलोज्यूल घेतं, निव्वळ एथिलीन ग्लायकॉल जेमतेम 2.4. शिवाय ते पाण्यापेक्षा दाट असतं, पंपाला जड जातं. आणखी एक गोष्ट सहसा कोणाला माहीत नसते: निव्वळ ग्लायकॉल शून्याखाली 12-13 अंशांनाच गोठतं, तर अर्ध्या-अर्ध्या मिश्रणाला ती वेळ शून्याखाली 37 अंशांच्या आसपास येते.

डब्यावर आधी वाचा. ‘वापरण्यास तयार’ असेल तर पाणी आधीच मिसळलेलं आहे, त्यात आणखी घालू नका. ‘कॉन्सन्ट्रेट’ असेल तर मिसळायलाच हवं. ब्लॉकमध्ये फ्लशचं पाणी राहिलं असेल तर तेही हिशेबात धरा. रिफ्रॅक्टोमीटर या मोजणीच्या छोट्या उपकरणावर एक थेंब टाकला की पाणी-कूलंटचं प्रमाण कळतं.

11. नळाचं पाणी मिसळलं तर?

डिस्टिल्ड किंवा डीमिनरलाइज्ड वापरा. जड पाण्यातले क्षार गरम धातूवर थर धरतात आणि तो थर उष्णता अडवतो. पण आज नळाचं पाणी घातलं म्हणून आजच गाडी तापणार नाही. आजच्या तापण्याचं कारण दुसरीकडे शोधा.

12. आधी हिरवं होतं, आता गुलाबी भरलं. दोन्ही मिसळली गेली. रंगामुळे बिघाड होतो का?

रंगामुळे नाही, रसायनामुळे. रंग म्हणजे उत्पादकाने घातलेला रंग, त्याला सगळीकडे लागू असा नियम नाही. एकाच रंगाची दोन कूलंट वेगळ्या जातीची असू शकतात. गंजरोधक कुठलं आहे त्यावर जात ठरते. जुन्या पद्धतीच्या हिरव्यात सिलिकेट असतं, ओएटी (ऑरगॅनिक ॲसिड टेक्नॉलॉजी) जातीत सेंद्रिय आम्लं. मिसळली की गंजरोधकं एकमेकांना निकामी करतात, आणि काही जोड्यांत चिखलासारखा गाळ बनून रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो.

पांढऱ्या ग्लासात थोडं काढून बघा. स्वच्छ असेल तर घाबरू नका, पण लवकरच सगळं काढून एकाच जातीचं भरा. गढूळ, तपकिरी किंवा बुळबुळीत असेल तर थांबू नका, डिस्टिल्ड पाण्याने स्वच्छ निघेपर्यंत धुवा. प्रत्येक धुण्यानंतर हवा पुन्हा काढावी लागते (प्रश्न 5).

13. फॅन फिरतच नाही. तोही कूलंट बदलल्यापासूनच बिघडला का?

आधी कनेक्टर बघा. रेडिएटरच्या तळाशी हात घालताना तो निसटतो. मग फ्यूज. मग एसी लावा. बहुतेक गाड्यांत एसीबरोबर फॅन फिरतोच. एसीवर फिरला आणि तापल्यावर फिरला नाही, तर मोटर चांगली आहे आणि बहुधा सेन्सरला कूलंट लागत नाहीये, म्हणजे पुन्हा हवा.

14. उभी असताना ठीक, वेगात तापते. मित्राची उलट: सिग्नलला तापते, चालताना निवते. दोघांचं कारण एकच का?

नाही. सिग्नलला तापून चालताना निवणाऱ्या गाडीत वारा कमी पडतोय, म्हणजे फॅन (प्रश्न 13). वेगात तापणाऱ्या गाडीत वारा भरपूर आहे, पण कूलंट पुरेसं फिरत नाही. थर्मोस्टॅट अर्धाच उघडतोय, पंप ढिला आहे किंवा रेडिएटर आतून तुंबलाय. जुन्या गाडीत जोरदार फ्लश केला की वर्षानुवर्षं बसलेला गाळ सुटतो आणि पुढे जाऊन रेडिएटरच्याच नळ्यांत अडकतो. गळती थांबवणारी पावडर पूर्वी कोणी घातली असेल तर ही शक्यता आणखी वाढते. रेडिएटरवर हात फिरवून बघा, इंजिन बंद, किल्ली काढलेली आणि रेडिएटर हात ठेवता येईल इतका कोमट झालेला असताना. मधेच थंड पट्टे लागले तर तिथे कूलंट जात नाही.

15. थर्मोस्टॅट काढूनच टाकला तर कटकट मिटेल ना?

नाही. इंजिन योग्य तापमानाला पोहोचायला फार वेळ घेईल, पेट्रोल-डिझेल जास्त जाळेल आणि लवकर झिजेल. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट उघडताना दुसरी वाटही बंद करतो, जिथून कूलंट रेडिएटरला टाळून परत इंजिनात जातं. तो काढला की ती वाट कायम उघडी राहते आणि इंजिन उलट जास्त तापतं.

कूलंटबरोबर थर्मोस्टॅटही बदलला असेल तर तो उलटा तर बसला नाही ना, हे बघा. स्प्रिंगची बाजू इंजिनाकडे हवी. त्याच्या कडेला हवा सोडणारी छोटी हलती पिन असेल तर ती सगळ्यात वर यायला हवी. ती खाली राहिली तर हवा थर्मोस्टॅटमागेच कोंडते.

16. गाडी हायब्रिड आहे. प्रश्न 5 मधली पद्धत चालेल का?

बऱ्याच हायब्रिड गाड्यांत पंप विजेवर चालतो आणि हवा काढण्यासाठी तो स्कॅनरने वेगळ्या मोडमध्ये फिरवावा लागतो. इन्व्हर्टरचं (बॅटरीची वीज मोटरसाठी बदलणाऱ्या यंत्राचं) कूलंट बहुधा वेगळ्या टाकीत असतं. इंजिनही आपोआप सुरू होतं, म्हणून गाडी पूर्ण बंद असल्याशिवाय हात घालू नका. इंजिन मागे असलेल्या आणि मागच्या सीटला वेगळा हीटर असलेल्या गाड्यांतही पाइप लांब असतात, तिथे व्हॅक्यूमने भरणाऱ्या यंत्राची मदत घ्या. ते आधी आतली हवा ओढून निर्वात करतं आणि मग कूलंट आत खेचलं जातं. निर्वात टिकतं का हे पाहून गळतीही कळते.

17. तीन वेळा हवा काढली. तरी बुडबुडे थांबत नाहीत. आता काय?

अडकलेली हवा संपते. न संपणारे बुडबुडे म्हणजे कुठूनतरी नवा वायू आत येतोय, आणि तो बहुतेक वेळा सिलिंडरमधून, गळक्या हेड गॅस्केटमधून. थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिटा-दोन मिनिटांतच, कूलंट तापायच्या आधी, वरचा होज दगडासारखा कडक होतो का बघा. बाहेर गळती न दिसता कूलंट कमी होतंय का, धूर पांढरा आणि गोडसर वासाचा आहे का, ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर आहे का, तेही पाहा. यांतलं एकही दिसलं नाही तरी गॅस्केट गळू शकतं, म्हणून चाचणी करून घ्या. रेडिएटरच्या तोंडावर नळी धरून आतला वायू निळ्या द्रवातून ओढतात. ज्वलनाचा वायू असेल तर निळा द्रव पिवळा पडतो.

मला विचारणाऱ्यांपैकी बरेच जण इथे म्हणतात की कूलंट बदलल्यामुळे गॅस्केट गेलं. काही वेळा ते आधीच गळत असतं, कूलंट कमी होतंय म्हणूनच ते बदलायला घेतलेलं असतं. काही वेळा मात्र हवा राहिलेली गाडी ‘थोडंच अंतर आहे’ म्हणून चालवली जाते आणि तेवढ्यात जातं. कारण कुठलंही असो, हेड उघडलं की नुसतं गॅस्केट बदलून बंद करू देऊ नका. हेडवर सरळ पट्टी आडवी, उभी आणि तिरकी ठेवून खाली फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) सरकवून बघायला सांगा, आणि ते तुमच्यासमोर बघायला सांगा. हेड वाकलेलं असेल तर नवं गॅस्केटही गळेल, आणि पुन्हा तेच बुडबुडे दिसतील.